मांजर मलूल दिसलं की आधी लिटरचा ट्रे बघा

आमचा शेठ तेव्हा चार वर्षांचा होता. साडेसहा किलोचा बोका, दिवसभर सोफ्यावर लोळायचं आणि संध्याकाळी आई मासळी घेऊन आली की दारापर्यंत स्वागताला जायचं, एवढंच त्याचं काम. एका शनिवारी रात्री तो सारखा ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या लिटरच्या (रेतीसारख्या दाण्यांच्या) डब्यात, जायला लागला. जातोय, उकरतोय, पाठ वाकवून जोर लावतोय, मग काहीच न करता बाहेर येऊन मागची बाजू चाटत बसतोय, परत पाच मिनिटांनी आत. घरात सगळ्यांनी एकमताने ठरवलं की पोट साफ होत नाहीये. शेजारच्या काकू म्हणाल्या थोडं एरंडेल द्या, ते नशिबाने घरात नव्हतं, मी आपलं जेवणात इसबगोल कालवलं, ते त्याने हुंगलंसुद्धा नाही, आणि आम्ही झोपलो.

सकाळी तो कपाटाखाली कोपऱ्यात बसलेला सापडला, बाजूला पिवळट उलटी. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, अहो पोट कसलं, लघवी तुंबलीये याची. मलाही हात लावून बघायला लावलं. मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटात मोसंबं ठेवल्यासारखं टणक लागत होतं, ते त्याचं ब्लॅडर. मग भूल, कॅथेटर म्हणजे शू काढायची नळी, सलाइन, तीन दिवस तिथेच मुक्काम. वाचला. पण ती वाया घालवलेली रात्र माझ्या डोक्यातून अजून जात नाही, म्हणून हे सगळं लिहितेय आणि म्हणून सुरुवात शूपासून.

बोक्यांची लघवीची नळी खूप बारीक असते. त्यात खड्यांची रेती, चिकट बुच किंवा नुसती सूज आली तरी ती बंद होते. एकदा बंद झाली की जे विष शूवाटे बाहेर पडायला हवं ते रक्तात साठत जातं, पोटॅशियम वाढतं आणि हृदयच बंद पडतं, २४ ते ४८ तासांत खेळ खलास होऊ शकतो. त्यामुळे माझा आता एकच नियम आहे: बोका ट्रेमध्ये जोर लावताना दिसला आणि ट्रेमध्ये शूने झालेला ओला गोळा दिसला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत लघवीच तुंबलीये असं धरायचं आणि निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. घरी पोट दाबून शू काढायला जाऊ नका, तट्ट फुगलेलं ब्लॅडर फुटू शकतं. थेंब थेंब होतेय, गुलाबी होतेय, मांजर ट्रे सोडून बेसिनमध्ये नाहीतर गार लादीवर बसून शू करतंय, ही सगळी त्याच्या आधीची पायरी. भाटीलाही जळजळ, रक्त वगैरे होतं पण तिची नळी रुंद असल्यामुळे पूर्ण बंद पडणं क्वचित.

परत होऊ नये म्हणून काय, तर पाणी. मांजर मुळात पाणी कमी पिणारं जनावर, आणि आपण त्याला नुसते कोरडे दाणे घालतो. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी पोटात जायला हवं. शेठला आता दोन्ही वेळ ओलं खाणं, त्यात वरून दोन-तीन चमचे कोमट पाणी, आणि घरात तीन ठिकाणी पाण्याचे वाडगे, खाण्यापासून लांब. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवा म्हणतात. आमच्या वन बीएचकेमध्ये दोन मांजरांना तीन ट्रे ठेवायचे म्हणजे माणसांनी कुठे राहायचं हा प्रश्न आहे, पण दोन ठेवलेत आणि दिवसातून दोनदा साफ करते. घरात पेंटिंग, पाहुणे, नवीन मांजर असलं काही झालं की टेन्शननेसुद्धा बोक्यांचं हे उपटतं, गंमत नाही.

तर ट्रे. गोळे होणारं लिटर वापरत असाल तर सकाळी साफ करताना नुसते गोळे मोजा. एका मांजराचे दिवसाला दोन ते चार, आणि साधारण रोज त्याच आकाराचे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. अचानक बारीक बारीक दहा गोळे दिसायला लागले म्हणजे जळजळ. गोळे मोठे मोठे व्हायला लागले, पाण्याचा वाडगा रोज रिकामा, आणि मांजर दहाच्या पुढचं आहे, तर किडनी, शुगर किंवा थायरॉइड, रक्त आणि लघवी तपासून घ्या. म्हातारं झालंय म्हणून पाणी पितंय असं काही नसतं. बांधकामाची रेती किंवा कागद वापरणाऱ्यांना हे मोजता येत नाही, निदान एखादं मांजर आजारातून उठलं असेल तर तेवढे दिवस तरी गोळेवालं लिटर आणा.

शी घट्ट असेल तर ठीक. एक-दोनदा पातळ झाली, मांजर मोठं आहे, उड्या मारतंय, खातंय, तर दूध बंद करून साधं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा काही न घालता, एक दिवस द्या आणि बघा. हो, दूध बंद. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींमध्ये पक्की बसलीये पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, बरेच जुलाब तिथूनच. पिल्लू असेल, रक्त पडत असेल किंवा सोबत उलट्या असतील तर मात्र वाट बघू नका.

पिल्लाच्या उलट्या-जुलाबांना मी खूप घाबरते. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधून, गाडीच्या बोनेटमधून काढलेली पिल्लं लोक घरी आणतात, दोन दिवस छान खेळतात आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसतात, पाणी प्यायचं असतं पण पीत नाहीत. हे दिसलं की पॅनल्यूकोपेनिया म्हणजे ज्याला सगळे कॅट पार्व्हो म्हणतात तो असू शकतो. त्याला थेट औषध नाही. सलाइन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, ऊब, असं धरून ठेवावं लागतं, आणि ते क्लिनिकमध्येच होतं, घरी सिरिंजने साखरपाणी पाजून नाही. हा व्हायरस घरात वर्षभरसुद्धा टिकतो, फिनाइलने मरत नाही, उलट फिनाइलच मांजराला बाधतं. आधी जागा साबणाने धुवायची, मग एक भाग घरगुती ब्लीच बत्तीस भाग पाण्यात, दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायचं, मांजर तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत. असं झालेल्या घरात बिनलशीचं नवीन पिल्लू आणू नका. लस आहे ना, तीन-रोगांची एकत्र मिळते, पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीचे दोन व्हायरस. साधारण आठव्या आठवड्याला पहिली, मग तीन ते चार आठवड्यांनी पुढची, शेवटची सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर. रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर. मांजर घरातच असतं मग लस कशाला, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा कोणीतरी विचारतं. तुम्ही बाहेर जाता ना, चपला घालून, व्हायरस घरात यायला ते पुरतं.

आता खाणं. मोठ्या मांजराने पूर्ण २४ तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन, पिल्लाने अर्धा दिवस सोडला तरी फोन. रुसलंय, ब्रँड आवडत नाहीये, भूक लागली की खाईल, असं माणसाच्या पोरांना चालतं. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी सगळी लिव्हरकडे धावते आणि लिव्हर त्यात बुडून जातं, मग मूळ आजार बाजूला आणि हाच मोठा होतो. कान आणि हिरड्या पिवळ्या दिसायला लागल्या म्हणजे बराच उशीर झालाय.

न खाण्याचं सगळ्यात साधं कारण सर्दी. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. खाणं जरा कोमट करा, वर सुक्या बोंबलाचं बिनमिठाचं पाणी, किंवा ट्यूनाचं पाणी, असं काहीतरी घमघमीत. नळाचं कढत पाणी बादलीत सोडून बाथरूममध्ये दहा मिनिटं मांजराला घेऊन बसा, नुसती वाफ, ती बादली मांजराच्या पोचेबाहेर. त्यात कापूर, बाम, निलगिरी काहीही टाकायचं नाही, आणि नाकाला तर लावायचंच नाही, हे सगळं मांजरांना विषारी आहे. डोळे चिकटले असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. फ्रिजच्या दारात पडलेले जुने आय ड्रॉप्स टाकू नका, त्यात स्टेरॉइड असलं आणि डोळ्यात जखम असली तर डोळाच जायचा. भांड्यापाशी येतंय, वास घेतंय, तोंडात घास घेतंय आणि सोडून देतंय, लाळ गळतेय, तर दात-हिरड्या. तोंड उघडून बघा, दिसतं, लालभडक असतं.

औषधांचं आता जरा ओरडूनच सांगते. मांजराचं अंग तापलंय म्हणून क्रोसिन नाही. डोलो नाही. पाव गोळी नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यंत्रणाच मांजराच्या लिव्हरमध्ये नसल्यासारखी आहे, एका ५०० मिलिग्रॅमच्या गोळीने मांजर मरू शकतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, धाप लागते. चुकून गेलीच तर लपवाछपवी न करता लगेच पळवा, यावर उतारा आहे पण तासांचा खेळ आहे. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही, म्हणजे दुप्पट वाईट. आणि मांजराचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, त्याचा नॉर्मल ताप १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतो. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलिन, शेपटी उचलून हळूच जरासा आत, एकाने मांजर धरायचं. १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली असेल तर निघा. खालचा आकडा लोक मनावर घेत नाहीत, पण थंड पडलेलं मांजर जास्त सिरियस असतं.

विषाच्या यादीत घरातल्या अजून काही गोष्टी आहेत. डांबरगोळ्या. कांदा-लसूण, शिजवलेलासुद्धा, म्हणजे आपल्या चिकनच्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी नाही. आणि लिली. वाढदिवसाच्या बुकेमध्ये येतात ना ती मोठी पांढरी-गुलाबी सुवासिक फुलं, त्यांची पानं, पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानेही दोन-तीन दिवसांत किडन्या बंद पडतात. आमच्याकडे बुके आला की लिली वेचून थेट कचऱ्यात, देणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

पिसवा, जंत आणि गजकर्ण हे तिघं एकत्र घेते कारण पावसाळ्यात ते एकत्रच येतात. मांजर खाजवतंय पण पिसू दिसत नाही, तर बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा, जी काळी पूड पडेल ती ओल्या टिश्यूवर ठेवा. विरघळून लालसर डाग पडला म्हणजे ती पिसवांची शी, म्हणजे मांजराचंच रक्त. मानेवर टाकायचा स्पॉट-ऑन, म्हणजे पिसवांच्या औषधाचे थेंब, मांजरांसाठी असलेलाच आणि वजनाप्रमाणेच घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांमध्ये परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात आणि जीव जातो. दुकानदार म्हणाला एकच असतं, अर्धं टाका, तरी ऐकू नका. नुसतं मांजराला औषध लावून भागत नाही, बहुतेक अंडी-अळ्या गादीत, सोफ्याच्या फटीत असतात, त्यामुळे चादरी-कव्हरं गरम पाण्यात आणि सोफा व्हॅक्यूम, निदान महिना-दोन महिने. छोट्या पिल्लावर खूप पिसवा असतील आणि हिरड्या पांढऱ्या दिसत असतील तर रक्त कमी झालंय, आंघोळ घालत बसू नका, डॉक्टर.

पिसू चाटताना पोटात गेली की पट्टकृमी. ढुंगणाला किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या कणीसारखे दाणे दिसतात, ताजे असले तर वळवळतात, आमच्या चिंगीचे, म्हणजे दुसऱ्या मांजराचे, आईने खरंच सांडलेली कणी समजून वेचले होते, तो दिवस घरात कोणी विसरलेलं नाही. जंताचं औषध मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी, पिल्लांना सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, डोस वजनावर. कानात कॉफीच्या पावडरीसारखा काळा मळ आणि सारखं डोकं झटकणं म्हणजे कानातले किडे, इअरबड आत घालू नका, मळ आत ढकलला जातो.

गजकर्ण म्हणजे ते फंगल, गोल टक्कल, कडेला कोंडा, बहुतेक तोंड-कान-पंजावर. हे माणसाला होतं, मला हातावर तीन गोल उठले होते. मेडिकलमधून आणलेली मिक्स मलमं, ज्यात स्टेरॉइड असतं, लावली की दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं, शिवाय मांजर ते सगळं चाटतं. डॉक्टर पोटातून औषध आणि अंगाला शाम्पू किंवा डिप म्हणजे औषधाचं पाणी देतात, सहा-आठ आठवडे चालतं, मध्येच केस आले म्हणून थांबवायचं नाही.

दोरा. आपल्या घरात दोरे किती असतात हे मांजर आणल्यावर कळतं. गजऱ्याचा दोरा, राखी, संक्रांतीचा मांजा, शिवणाचा सुईसकट. मासळीचा वास लागलेला दोरा तर हमखास गिळतात. सारख्या उलट्या आणि खाणं बंद असेल तर जिभेखाली बघा, कधी कधी तिथे अडकलेला असतो. तोंडातून किंवा मागून टोक लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही, आत आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा झालेलं असतं, ओढलं की कापतं. तसंच घेऊन जा.

खिडक्यांबद्दल. ठाण्यातल्या घोडबंदर रोडला एकेका टॉवरला तीस-तीस मजले आणि खिडक्या अशा सताड उघड्या. मांजर पडलं तरी चार पायांवर पडतं, काही होत नाही, असं म्हणणारे भेटतात. न्यूयॉर्कमधला १९८७ चा एक अभ्यास फिरत असतो, उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांपैकी ९० टक्के वाचली म्हणून, पण ती दवाखान्यात पोचलेली मांजरं होती, जी खालीच मेली त्यांना कोण दवाखान्यात नेणार. कबुतरांची नायलॉन जाळी मांजर चावून तोडतं, पत्र्याच्या फ्रेममधली स्टीलची जाळी लावा. आणि पडून उठून चालत घरी आलं तरी एक्स-रे काढाच, छातीला मार, टाळू फाटणं लगेच दिसत नाही.

श्वास मोजायला शिका, फुकट आहे. मांजर झोपलेलं असताना पोट वर-खाली एकदा म्हणजे एक, मिनिटाला तीसच्या आत हवेत. चाळीसच्या पुढे, किंवा कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकतंय, तर तडक. घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे असं धरू नका, दुखत असतानाही घुरघुरतात. आणि सहा महिन्यांची भाटी रात्रभर विव्हळतेय, लादीवर लोळतेय, ढुंगण वर करतेय, तर पोटात दुखत नाहीये, हीटवर म्हणजे माजावर आलीये. नसबंदीच्या ऑपरेशनचं बघा.

गोळी द्यायची तर मांजराला टॉवेलात सुरळीच्या वडीसारखं गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. डोकं वरून धरून जरा मागे, खालचा जबडा बोटाने खाली, गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची आणि तोंड मिटून गळा चोळायचा. लगेच सिरिंजने पाच मिली पाणी गालाच्या बाजूने, हळूहळू. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून राहते, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने तर तिथे जखम होते. पहिल्यांदा थुंकेल. दुसऱ्यांदाही थुंकेल, सोफ्याखाली.

जवळचं चोवीस तास उघडं क्लिनिक कुठलं ते आजच शोधून, फोन करून, खरंच रात्री डॉक्टर असतात का विचारून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई, सगळ्यांना माहीत असतं, पण तुंबलेला बोका घेऊन ठाण्याहून परळ म्हणजे वेळ जातो, कापूरबावडीच्या सिग्नललाच अर्धा तास. वरून उघडणारा कॅरियर घ्या आणि तो माळ्यावर टाकू नका, हॉलमध्ये उघडा ठेवा, आत जुना टी-शर्ट. शेठ दुपारी त्यातच झोपतो. रिक्षात कॅरियरवर पातळ टॉवेल टाकला की निम्मं ओरडणं बंद. निघताना ट्रेचा फोटो आणि श्वासाचा व्हिडिओ काढून न्या, कारण टेबलवर ठेवलं की मांजर एकदम तब्येतीत असल्याचा आव आणतं. फोनवर सगळी कथा सांगत बसू नका, आधी एवढंच: बोका की भाटी, वय किती, शेवटची शू किती वाजता, शेवटचं खाणं किती वाजता. मला त्या सकाळी यातलं एकही उत्तर देता आलं नव्हतं.